निखळलेल्या चाकाचा गुन्हा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मी दिल्लीत द्वारकेच्या ठाण्यात तपास अधिकारी होतो. चालत्या गाडीचं पुढचं चाक निखळून स्कूटीवरच्या एका शिक्षिकेला लागलं आणि तिचा पाय मोडला. गाडी पगारी चालक चालवत होता. मालकाने जबाब दिला, "टायर बदलताना यानेच नट आवळले नाहीत." चालक ठाण्याच्या बाकावर बसून एवढंच म्हणत होता, "साहब, मैंने पहिया छुआ तक नहीं." परवाना गेला असता तर त्याचं घरच बसलं असतं. वरिष्ठ म्हणाले, चालकावर आरोपपत्र टाका, प्रकरण संपवा. मी म्हणालो, तपास संपला की प्रकरण संपेल.

आम्ही जखमी बाईंना इस्पितळात नेण्याच्या धावपळीत असताना मालकाने गाडी क्रेनने घरी नेली होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या सोसायटीतून निनावी फोन आला, "बेसमेंट में बाकी पहियों से कुछ निकलवाया है." मी गाडी जप्त केली. तीन चाकं जागच्या जागी, निर्दोष.

गाडी बघायला बोलावलेल्या मेकॅनिकने शंका सांगितली: स्पेसर. म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये बसवायची धातूची चकती. चाक बाहेर येतं, गाडी रुबाबदार दिसते, रुंद टायर आत घासत नाही. पण बेअरिंगवर ताण येतो, आणि चकती बेमापाची असेल तर नटाला बोल्टचे जेमतेम दोन-तीन आटे मिळतात.

मालकाला बोलावलं. पुण्याचा माणूस, गुरुग्रामला मोठ्या हुद्द्यावर. बसताच म्हणाला, "साहेब, आपण मराठी माणसं. समजून घ्या ना यार." मंडळाच्या गणपतीत भेटला असता तर चहा पाजला असता. ठाण्यात ही ओळख मी चालू देणार नव्हतो.

दरडावलं की असली माणसं वकील बोलावतात. हौसेला नावं ठेवलेली मात्र त्यांना सोसत नाहीत. मी म्हणालो, "लोक तुम्हाला शौकीन म्हणतात, पण गाडी अगदीच साधी दिसते हो."

"अहो, परवा बघायला हवी होती! चारही चाकं बाहेर, काय लुक होता..." आणि त्याने जीभ चावली.

"कशामुळे बाहेर?" मी विचारलं.

चकत्या त्याच्याच घरात सापडल्या. यांत्रिक तपासणीत निखळलेल्या बाजूच्या बोल्टचे फक्त टोकाचे आटे खाल्लेले निघाले, म्हणजे चकतीमुळे नट तेवढ्यावरच अडकला होता. मालक आरोपी झाला, चालक साक्षीदार.

वरिष्ठ पुढे कित्येक दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. न बोलोत. स्पेसरशीही माझं वैर नाही. मापाचे घ्या, जाणत्याकडून बसवा, नट पुन्हा तपासून घ्या. पण आपल्या हौसेचा गुन्हा पगारी माणसाच्या गळ्यात बांधू नका. लोक अजून विचारतात, वरिष्ठांचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? माझं काहीच नाही. बाकावरच्या त्या माणसाचं सगळं.