साठ अंशांचं बूड

मर्लिन झास्ट्रोला बिअर आंबवायची टाकी निवडायला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात माझ्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, झालं आणि मोडलंही.

आमच्या मॅनिटोवॉक गावात घरी बिअर करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणाच्या तरी गॅरेजात जमायचं, एकमेकांची बिअर प्यायची आणि घरी जाताना तिला नावं ठेवायची, एवढंच आमचं कार्य. मर्लिन त्यातला सगळ्यात कंटाळवाणा सभासद. एकतीस वर्षं तो चीजच्या कारखान्यांचा सरकारी तपासनीस होता. निवृत्त झाला तरी खिशातला टॉर्च आणि पांढरं फडकं काही सुटलं नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसला की आधी काटा उजेडात धरून बघायचा. त्याच्या बिअरला चव म्हणून नसायची. स्वच्छ मात्र असायची.

अशा माणसाकडे ओर्विलचं यीस्ट गेलं, हे त्या यीस्टचं नशीब.

ओर्विल ब्रँडलनं आमचं मंडळ काढलं. एका हॉटेलातून मागून आणलेल्या लोणच्याच्या बादलीत तो सव्वीस वर्षं बिअर करत होता, आणि सव्वीस वर्षं यीस्ट तेच. एका घाण्याचा तळाचा गाळ बरणीत काढायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा, पुढच्या घाण्याला घालायचा. त्याच्या बिअरला पिकल्या नासपतीचा वास यायचा, तो दुसऱ्या कुणालाही कधी जमला नाही. गेल्या वर्षी जानेवारीत ओर्विल गेला. त्याच्या फ्रीजमध्ये मोहरीच्या डब्यामागे एकच बरणी निघाली. त्याची बायको व्हर्ना ती घेऊन मंडळात आली आणि आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवून तिनं ती मर्लिनच्या हातात दिली.

ती म्हणाली, "माझ्या घरात त्याच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलंय. तू स्वच्छ माणूस आहेस. मरू देऊ नकोस."

दुसरा कुणी असता तर त्या रविवारी बादली धुऊन कामाला लागला असता. मर्लिन म्हणाला, असली वस्तू बादलीत टाकणं म्हणजे पाप. हिला निमुळत्या बुडाची टाकी हवी. यीस्ट आपोआप घसरून टोकाला जमतं, खालचा व्हॉल्व्ह उघडला की थेट बरणीत. बोलणं खोटं नव्हतं. पण मर्लिनच्या तोंडून खरं ऐकायचासुद्धा वैताग येतो.

मग सुरू झाली निवड. प्लास्टिकची टाकी बाद, कारण तिला ओरखडे पडतात आणि ओरखड्यात जंतू बसतात. स्टीलची हवी. बूड साठ अंशांचंच हवं, त्याहून पसरट असलं तर यीस्ट कडेला चिकटून राहतं. हा गृहस्थ शाळेतलं कोनमापक घेऊन लोकांच्या गॅरेजांतून हिंडला. ज्यांच्याकडे अशा टाक्या होत्या त्यांच्या जोडांवरून बोट फिरवायचा, व्हॉल्व्ह खोलायला लावायचा, आत टॉर्च मारायचा आणि "हं" म्हणायचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. व्हॉल्व्हवर चार महिने गेले. गोळीचा घेतला तर गोळीमागे घाण साठते, चकतीचा घेतला तर तो एकदम उघडतो. शेवटी चकतीचा ठरला. मग पायांची उंची. खाली ओर्विलची बरणी मावते का, हे बघायला तो दुकानात बरणी घेऊन गेला. टाकी घरी आली तेव्हा, बिअर थंड करायला ती ज्यात ठेवायची त्या फ्रीजपेक्षा चार बोटं उंच निघाली. तिला त्यानं काही केलं नाही, फ्रीज बदलला.

एवढं मात्र कबूल करतो, या सगळ्या काळात बरणीत दर महिन्याला थोडा जवाचा गोड रस घालून त्यानं यीस्ट जगवलं.

मी त्याला एकदा म्हणालो होतो, "मर्लिन, बादलीत टाक आणि मोकळा हो."

"तू बादलीत करतोस, ड्युएन," तो म्हणाला, "आणि लागतेही बादलीसारखी."

यंदा मेमधल्या शनिवारी आम्हा सगळ्यांना त्याच्या गॅरेजात बोलावणं आलं. टाकी मधोमध, आरशासारखी घासलेली. आत पंचेचाळीस लिटर बिअर आंबून, थंड होऊन बसलेली, बरणी रिकामी करून घातलेलं सगळं यीस्ट टोकाला. व्हर्ना शहाजिरं घातलेला राय धान्याचा पाव आणि एक धुतलेली बरणी घेऊन आली होती. अर्धं यीस्ट तिला आपल्या फ्रीजमध्ये ठेवायचं होतं, मोहरीच्या डब्यामागे. मर्लिननं नमनालाच घडाभर तेल घातलं. आम्ही पाव संपवला तरी तो बुडाच्या कोनावरच होता.

टाकी गच्च बंद होती आणि आत वायूचा दाब साठला होता. तो आधी वरून सोडायचा असतो. माहितीपुस्तिकेतलं ते वाक्य मर्लिननं पिवळ्या पेननं अधोरेखित केलेलं, मी नंतर पाहिलं. त्यानं ओर्विलची बरणी खाली धरली आणि व्हॉल्व्हचा दांडा पुरा फिरवला.

बंदुकीसारखा आवाज झाला. सायीसारखं घट्ट यीस्ट बरणीला उडवून त्याच्या शर्टावर आणि फरशीवर पसरलं, आणि मागून बिअरचा लोट. तरी काही गेलं नव्हतं. दांडा परत फिरवून बंद करायचा, फरशीवरचं चमच्यानं उचलायचं, चमचाभर पुरलं असतं. व्हर्ना तर गुडघ्यांवर बसलीसुद्धा होती.

पण सांडलं की आधी पाणी, हा एकतीस वर्षांचा नियम. मर्लिन व्हॉल्व्ह तसाच उघडा टाकून भिंतीकडे धावला आणि त्यानं पाण्याची नळी सोडली. आम्ही ओरडलो, ते त्याला ऐकू गेलं नाही. फरशी धुतली, टाकीचे पाय धुतले, शर्टही धुतला, वर क्लोरीन ओतलं. ओर्विलची सव्वीस वर्षं गॅरेजच्या मोरीतून गेली. सारं मुसळ केरात.

मग त्यानं सवयीनं टॉर्च काढला आणि वाकून खालच्या व्हॉल्व्हमधून रिकाम्या टाकीत मारला.

"बघा," तो म्हणाला, "एक थेंब चिकटला नाही."

मग त्याची नजर व्हर्नाच्या हातातल्या रिकाम्या बरणीवर गेली आणि तो मटकन एका खोक्यावर बसला. मला त्याची कीव आली नाही. मूर्ख माणूस नुसता मूर्ख असला तर चालतो, नीटनेटका मूर्ख फार नुकसान करतो.

व्हर्ना उठली. स्कर्ट ओला झाला होता. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ड्युएन, तुलाही दिली होती ना ओर्विलनं बरणी? तो नेहमी म्हणायचा, ड्युएनकडे आहे, मला काळजी नाही."

दिली होती. तीन वर्षांपूर्वी चार जुलैच्या पार्टीला बटाट्याच्या सॅलडसाठी फ्रीजमध्ये जागा हवी होती, म्हणून मी ती सिंकमध्ये ओतली. तेव्हापासून दुकानातलं यीस्टचं पाकीट वापरतो. ओर्विल विचारायचा तेव्हा सांगायचो, मस्त चाललंय.

खोक्यावरून मर्लिन माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या नजरेत माझ्याविषयी आदर होता.

"घरी जाऊन बघतो," मी म्हणालो.

व्हर्नानं ती धुतलेली बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "यातच घालून आण."