चकलीला गाणं मिळेना

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझी चकली मुकी झाली. खाताना ती व्यवस्थित कुरकुरत होती; मुकी झाली ती फोनवर. लेकीने व्हिडिओच्या एका ॲपसाठी तिची छोटीशी जाहिरात केली होती. सोऱ्यातून चकली गोल गोल उतरते, तेलात पडते, आणि मागे त्या वर्षी झाडून सगळ्या लग्नांत वाजलेलं सिनेमातलं एक गाणं. नायिका ज्या ठोक्याला गिरकी घेते, नेमका त्याच ठोक्याला चकलीचा शेवटचा वेढा पुरा होतो, असं तिने जुळवून आणलं होतं. ही जाहिरात पैसे भरून लखनौभर दाखवायची ठरली, तर ॲपने कळवलं की नामंजूर. कारण, गाणं धंद्यासाठी वापरायची परवानगी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या जुन्या व्हिडिओंचाही आवाज काढून घेतला. माझे अनारसे, चिवडा, शंकरपाळे, सगळे निमूटपणे हलत होते.

आम्ही विकास नगरात राहतो. हे रेल्वेत इंजिनिअर, लेक कॉलेजात, इथेच वाढल्यामुळे हिंदीतच बोलणारी, आणि मी साताऱ्याकडची, स्वयंपाकघरात. सुरुवातीला लष्कराच्या छावणीतली मराठी कुटुंबं माझ्याकडून फराळ न्यायची. मग इथली मंडळीही यायला लागली, 'वो काँटे वाली गोल नमकीन' मागायला. त्या वर्षी मी हिंमत करून गॅरेज रिकामं करवून तिथे मोठी शेगडी बसवली होती आणि दोघीजणी कामाला ठेवल्या होत्या. त्यांचा पगार दिवाळीच्या विक्रीतूनच निघायचा होता. घरात मात्र या सगळ्याला 'हिची हौस' म्हणतात. पाहुणे आले की हे कौतुकाने सांगतात, "हिला हौस आहे, मी आडकाठी करत नाही." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, पण पाहुण्यांसमोर मी चकलीच वाढते.

तर गाणं. पहिला सल्ला समोरच्या भाभींनी दिला. लखनौत सल्ला चहाच्या आधी येतो. त्या म्हणाल्या, "अरे, सात सेकंड तक सब फ्री होता है, आप आठवें पर काट दीजिए." हा नियम त्यांना कुणी सांगितला, हे त्यांना आठवेना, पण शंका घेतलेली त्यांना आवडली नाही. मग त्यांच्या नणंदेकडून निरोप आला की गाणं थोडं पळवायचं, म्हणजे पकडणाऱ्यांना कळत नाही. आम्ही पळवलं. नायिका चिमणीसारखी किंचाळायला लागली आणि ॲपने तिलाही ओळखलं. शेवटी भाभींनी सुचवलं की खाली नम्रपणे लिहा, गाण्यावर आमचा कोणताही दावा नाही. म्हणजे चोराने दारावर चिठ्ठी लावायची की भांडी तुमचीच आहेत, मी फक्त नेतोय.

लेकीला मी म्हटलं, "अगं, अख्खं जग तेच गाणं लावून नाचतंय, मग आपल्यालाच का धरलं?"

"मम्मी, वो लोग सिर्फ़ नाच रहे हैं," ती म्हणाली. "हम बेच रहे हैं ना."

नियम खरंच तसा होता. साध्या माणसाने स्वतःच्या करमणुकीसाठी ॲपवरचं गाणं लावलं तर चालतं. त्याच गाण्यावर काही विकायला काढलं की वेगळी परवानगी लागते. भाची हळदीत नाचली तर करमणूक. त्याच भाचीच्या हातात माझं चिवड्याचं पाकीट दिलं की ती जाहिरात. मग ती नाचली किती वाईट, याला महत्त्व नाही.

धंदेवाल्यांसाठी ॲपने फुकट संगीताचा वेगळा साठा ठेवला आहे. आम्ही दोघी एक अख्खी दुपार तो ऐकत बसलो. त्यात कुणीतरी सतत शिट्टी वाजवतं, कुणीतरी टाळ्या पिटतं, आणि अधूनमधून छोटी घंटा होते. नावंही तशीच, उजळ सकाळ, आनंदी पावलं, नवी उमेद. कुठलीही धून लावली तरी माझी चकली आयुर्विम्याची पॉलिसी वाटायला लागली. आता एखादा हसरा गृहस्थ येऊन निवृत्तीनंतरचं नियोजन समजावेल, असं वाटायचं. लेक म्हणाली, "इससे अच्छा तो म्यूट ही था."

मग मी सरळ मार्गाने जायचं ठरवलं. लेकीकडून गाण्याच्या कंपनीला मेल लिहून घेतला, परवानगी हवी आहे. उत्तर आलं, तेही मोठ्या अदबीने. त्यातून कळलं की एका गाण्याचे मालक दोन. शब्द आणि चाल ज्यांची आहे ते एक, आणि ते गाणं ज्यांनी रेकॉर्ड केलं ते दुसरे. दोघांची परवानगी वेगवेगळी. ह्यांना हे लगेच पटलं. म्हणाले, "बरोबर आहे, आमच्याकडे पण जमीन एका विभागाची आणि तिच्यावरचा खांब दुसऱ्याचा असतो." पुढे प्रश्न होते. तुमचा ब्रँड कोणता? जाहिरात कोणकोणत्या प्रदेशांत दाखवणार? मी लेकीला सांगितलं, लिही, लखनौ, म्हणजे विकास नगर, छावणी, आणि कुणी गाडी घेऊन आलं तर सरोजिनी नगर. यानंतर कंपनीने जो आकडा कळवला, तो वाचून हे खुर्चीत बसले. तेवढ्या पैशांत आमच्या गॅरेजसकट सगळं घर रंगवून झालं असतं.

दिवाळी जवळ येत चालली होती. गॅरेजमध्ये डबे भरून पडलेले, आणि छावणीच्या नेहमीच्या ऑर्डरींपलीकडे फोन वाजत नव्हता. कामाच्या दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या होत्या.

अशात एका रविवारी सकाळी ह्यांनी मला बाहेर बोलावलं. माझे हात भाजणीने माखलेले. हे जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते, चेहऱ्यावर फाइल निकाली काढल्याचं समाधान. ॲपवर अपील करायची सोय आहे, हे त्यांनी शोधून काढलं होतं. 'वैयक्तिक वापर' अशी एक चौकट होती, तिथे टिक केली की जुन्या व्हिडिओंचा आवाज परत येण्याची शक्यता होती. ते व्हिडिओ मग आमच्या सेक्टरमधल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरवायचे, पैसे भरून जाहिरात करायची गरजच नाही. सोबत कारण लिहायचं होतं. ते ह्यांनी लिहून ठेवलं होतं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. भाषा इंग्रजी, वळण अस्सल सरकारी. अर्थ असा की, सदर गृहिणी फावल्या वेळात हौसेखातर खाद्यपदार्थ बनवीत असून त्यामागे कोणताही व्यावसायिक हेतू नाही, तरी गाण्याचा वापर वैयक्तिक समजण्यात यावा.

"फावला वेळ कोणता हो?" मी विचारलं.

"अगं, असं लिहावं लागतं. नियम त्यांचाच आहे."

"पण हे खोटं आहे."

"खोटं कसं?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हौसच तर आहे तुझी."

खोटं बोलले असते तर मी माफ केलं असतं. माणूस अगदी मनापासून खरं बोलत होता. इतकी वर्षं त्याच घरात, त्याच तळणाच्या वासात झोपून, त्यांना हे असंच दिसत होतं. मला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. गाण्याची कंपनी, तिचे दोन मालक आणि ते ॲप, यांनी मला एकदाही पाहिलेलं नाही, पण मी धंदा करते हे त्यांना एका चकलीवरून कळलं होतं.

"मम्मी, टिक कर दो ना," लेक म्हणाली. "सब यही करते हैं यार."

"मी नाही करणार," मी म्हटलं.

हे वैतागले. "मग गाणं विसर. जाहिरात विसर. दिवाळी तोंडावर आलीय, डबे पडून राहिले तर केवढं नुकसान होईल, कळतंय का तुला?"

"हौसेत नुकसान होत नाही हो," मी म्हटलं. "नुकसान धंद्यात होतं."

इंजिनिअरला आवाज चढवून काही पटत नाही. पण त्याच्याच गणितातली चूक दाखवली की तो खोडरबर शोधतो. ह्यांनी तो मजकूर पुसला, आधी शेवटची ओळ, मग तिच्या वरची, असा उलटा. लॅपटॉप लेकीकडे सरकवून ते अंघोळीला गेले. मी जाऊन उरलेली भाजणी भिजवली.

जाहिरात शेवटी शिट्टी आणि टाळ्यांवरच गेली. ती लगेच मंजूर झाली. चकली पुन्हा विम्यासारखी आश्वासक दिसत होती, पण निदान लखनौभर दिसत होती, आणि फोन वाजायला लागला. फार नाही, पण कामाच्या दोघी परत डब्यांकडे बघायला लागल्या.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ह्यांच्या साहेबांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच डब्यांना टेप लावत होते. साहेबांच्या घरी कुणीतरी जाहिरात पाहिली होती. ते हसून म्हणाले, "क्या बात है, भाभीजी ने टाइमपास के लिए कुछ शुरू किया है? हमें भी मँगवाना था."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी साहेबांचं वाक्य संपायच्या आत 'जी सर' म्हणणारा माणूस थोडा थांबला.

"नहीं सर," ते म्हणाले, "बिज़नेस है उनका. ऑर्डर वही लेती हैं." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी अजून 'बिज़नेस है उनका' हेच ऐकत होते, त्यामुळे साहेबांना आपली ऑर्डर मला दोनदा सांगावी लागली.