तिकडे आता पडला असेल

ऑफिसात सकाळी दहाच्या कॉफीला मोघेकाका कप घेऊन खिडकीपाशी उभे राहायचे. बाहेर लख्ख ऊन असो की बर्फाचा चिखल, ते घड्याळाकडे बघून म्हणायचे, “तिकडे आता पडला असेल.” मी पुण्याहून स्टुटगार्टला नोकरीला आले त्या पहिल्याच आठवड्यात हे ऐकलं आणि मला वाटलं, यांचं कोणीतरी म्हातारं माणूस घरात पडलं असावं. मी काळजीने विचारलं, “कोण पडलं, काका?” तर म्हणाले, “पाऊस गं. तायपिंगला.”

तायपिंग हे मलेशियातलं एक लहानसं गाव. आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवते. काका तरुण असताना एक मशीन चालू करून द्यायला कंपनीने त्यांना तिथे धाडलं होतं. मशीन काही केल्या चालू होईना, म्हणून दोन आठवड्यांचं काम पावसाळाभर लांबलं, आणि काका त्या मशीनचे जन्मभर ऋणी राहिले. त्या गावात रोज दुपार कलली की पाऊस येतो. किती वाजता येईल यावर तिथले दुकानदार चहाची पैज लावतात. गावात एक मोठं तळं आहे, काठची जुनी झाडं रस्त्यावरून वाकून फांद्या थेट पाण्यात टेकवतात, आणि मागे ढगात बुडालेला डोंगर. एवढंच. “तिथे बघायला काही नाही,” काका सांगायचे, “म्हणूनच तर जायचं. बघायचं काही नसलं की माणूस नीट जेवतो.”

काकांचं जेवण हा आमच्या कॅन्टीनमधला करमणुकीचा विषय होता. ताट समोर आलं की ते आधी त्यावर वाकून डोळे मिटायचे. “आधी वास, मग घास,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बटाट्याच्या बेचव सॅलडलाही हा मान मिळायचा. समोरचे जर्मन लोक अवघडून दुसरीकडे बघत. मूळचे वाईचे, घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद, आणि हा माणूस तायपिंगच्या बाजारात एका म्हाताऱ्या चिन्याच्या गाडीवर कोलंबी घातलेल्या, मोठ्या जाळावर परतलेल्या तांदळाच्या रुंद शेवया खायला शिकला. त्या पदार्थाचं नाव चार क्वे तिआओ. “एका वेळी एकच प्लेट करायचा म्हातारा. दहा माणसं उभी असली तरी एकच. कढईतून धूर निघाल्याशिवाय हात लावायचा नाही. मी तिथे जेवायला शिकलो, अनघा. त्याआधी नुसता गिळत होतो.”

घरी मात्र काही नाही. मंगलाकाकू कडक शाकाहारी. सुपरमार्केटात केकच्या पाकिटावरची जर्मन अक्षरं चष्मा वर करकरून वाचायच्या आणि अंडं सापडलं की पाकीट परत ठेवायच्या. काकांनी त्यांना कधी आग्रह केला नाही. त्यांची इच्छा एवढीच होती की मंगलाला एकदा तायपिंगला न्यायचं. “तू नुसती समोर बस. तुझ्यासाठी नारळाच्या दुधातलं गोड मिळतं. मी जेवेन, तू बघ. मग झाडांखालून चालत जाऊ.” काकू म्हणायच्या, “अहो, जाऊ की. मी कुठे नाही म्हणते?” दोघंही तयार, आणि तरीही वर्षानुवर्षं हे काही घडलं नाही. का, ते मी जवळून पाहिलं, आणि अजून मला त्याचा राग येतो.

आमच्याकडे जानेवारीतच वर्षाची सुट्टी ठरवून टाकावी लागते. भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरवर प्रत्येकाने आपला उरलाउब, म्हणजे रजा, रंगवायचा. आम्ही देशी मंडळी तो बघितल्या बघितल्या ओळखू यायचो. जर्मन लोकांचे रंग वर्षभर विखुरलेले, आमचा एकच सलग पट्टा, भारतवारीचा. त्यात लग्नं, मुंजी, दातांची कामं, आई-वडिलांचे डॉक्टर. सुट्टी नावाची गोष्ट आम्ही कधी घेतलीच नाही, आम्ही नुसती कामाची जागा बदलतो. काका दर जानेवारीला कॅलेंडरवर दोन आठवडे तायपिंगचे रंगवायचे, आणि दर मार्चच्या आसपास पुण्याहून श्रीकांतचा फोन यायचा.

श्रीकांत म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. आई त्याच्याकडे होती, अंथरुणाला खिळलेली. तिला सांभाळणं सोपं नव्हतं हे मीही मान्य करते. पण त्या सांभाळण्याचं श्रीकांतने नाणं केलं होतं आणि ते खणखणीत वाजवायचा. “दादा, आईला मी बघतो. तू जर्मनीत आहेस, तुझी मजा आहे. वर्षातून एकदा येऊन आम्हाला मोकळं कर, एवढंच म्हणतो.” मग काका कॅलेंडरवरचा रंग पुसायचे, पुण्याला जाऊन आईपाशी बसायचे, आणि मोकळा झालेला श्रीकांत बायकोला घेऊन सहलीला जायचा. आमची साहेबीण एकदा म्हणालीसुद्धा, “हेर मोगे, तुम्ही कधी आराम करता?” काका हसून म्हणाले, “नेक्स्टेस यार.” पुढच्या वर्षी. हे शब्द ते मराठीतही इतक्यांदा म्हणत की मला त्यांचा कंटाळा आला होता. एका वर्षी तर तिकिटं काढली होती, काकूंनी सुती कपडे इस्त्री करून ठेवले होते, आणि तीही रद्द झाली. आईला ताप होता. श्रीकांतचं सहलीचं बुकिंगही होतं. नेमकं कशासाठी बोलावलं ते कोणी विचारलं नाही.

पुढचं तर ऐका. श्रीकांत मलेशियाला जाऊन आला! सिंगापूर, मलेशिया, थायलंड, सोबत आपला स्वयंपाकी असलेली सहल. तिथूनच त्याने पुण्यात आईपाशी बसलेल्या काकांना फोन केला. काकांनी तो मला परतल्यावर कॅन्टीनमध्ये जसाच्या तसा सांगितला.

“दादा, तुझं ते तायपिंग. गेलो रे तिथे.”

“गेलास? कसं वाटलं?”

“बस थांबली होती, टॉयलेटसाठी. काही नाहीये तिथे. बरं झालं तू गेला नाहीस. आमच्या महाराजांनी तिथेच साबुदाण्याची खिचडी वाटली, एक नंबर.”

“पाऊस होता का?” काकांनी विचारलं होतं.

“लक्ष नाही दिलं.”

एवढं सांगून काकांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, “पाऊससुद्धा बघितला नाही गं त्याने.” त्या दिवशी त्यांनी वास न घेता घास घेतला. मी त्यांना म्हटलं, “काका, तुम्ही भावाला सुनावत का नाही?” तर म्हणाले, “सुनावलं तर आईचं कोण बघणार?” श्रीकांतलाही हे पक्कं माहीत होतं.

आई गेली. काकांनी पुण्याहून आल्यावर पंधरा दिवसांतच तायपिंगचा विषय काढला, तेव्हा श्रीकांत फोनवर म्हणाला, “वर्ष तर होऊ दे, दादा. लोक काय म्हणतील? आई गेली म्हणून फिरायला निघाले म्हणतील.” स्टुटगार्टमध्ये कोण काय म्हणणार होतं? आम्ही चार मराठी घरं, तीही एकमेकांना गणपतीत भेटणारी. पण काकांनी वर्ष पाळलं. ते वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांना गिळताना दुखायला लागलं. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. रेडिएशन झालं, गाठ विरली, आणि तिच्याबरोबर चवही गेली. तोंडात लाळ उरली नाही. वास यायचा तोही कुठूनतरी लांबून, रबराचा. सतत पाण्याची बाटली हातात. डॉक्टरांना विचारलं, चव परत येईल का, तर डॉक्टर म्हणाले, “फिलाइष्ट.” कदाचित.

मी त्यांना भेटायला त्यांच्या फायहिंगेनमधल्या घरी गेले होते. काकूंनी मऊ भात केला होता. काका त्यावर सवयीने वाकले, डोळे मिटले, आणि तसेच सरळ झाले. मला तिथे बसवेना. काकू म्हणाल्या, “चव आली की जाऊ हो तुमच्या गावाला. सहा महिने थांबू.”

“नाही,” काका म्हणाले. “आता ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द मी तोंडातून काढणार नाही.”

आणि गेले. चव नसलेला माणूस जेवायच्या गावी गेला.

तिथे काय झालं ते दोघांनी मिळून सांगितलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, एकमेकांची वाक्यं तोडत. म्हातारा चिनी केव्हाच गेला होता, गाडीवर त्याची सून होती. एका वेळी एकच प्लेट हा नियम तिने ठेवला होता. काकांसमोर प्लेट आली. ते वाकले. घास घेतला, पाण्याबरोबर उतरवला.

“कापूस,” काका मला म्हणाले. “ओला कापूस, बाकी काही नाही. एवढी वर्षं थांबून मी कापूस खायला गेलो होतो.”

“मग यांनी प्लेट माझ्याकडे सरकवली,” काकू म्हणाल्या. “म्हणाले, तू खा आणि मला सांग.”

“मी आग्रह केला नव्हता हं.”

“केला नव्हता. पण तोंड असं केलं होतं की मला नाही म्हणता येईना. अगं, कोलंबीचे डोळे नव्हते एवढंच नशीब. मी देवाचं नाव घेतलं आणि घास तोंडात घातला. कसाबसा गिळला. हे म्हणाले, सांग ना. मी म्हटलं, धुरकट लागतंय. हे म्हणाले, बरोबर, पुढे? मी म्हटलं, खारट, मग जरा गोडसर.”

“गेनाऊ,” काका म्हणाले. “अगदी तसंच.”

“मग मी म्हटलं, आपल्या फोडणीच्या शेवयांसारखं. तर चिडले माझ्यावर.”

“चिडणार नाही तर काय? आपल्यासारखं काय ते नको सांगूस म्हटलं. ते जसं आहे तसं सांग. जन्मभर आपलं आपलं करूनच तर इथे आलो.”

रोज दुपारी ते त्या गाडीवर जायचे. काकू खायच्या, सांगायच्या, काका डोळे मिटून ऐकायचे. पाऊस आला की टपरीच्या पत्र्याखाली दोघं उभे राहायचे. शेवटी शेवटी काकू सगळी प्लेट संपवायला लागल्या, आणि ती बाई कढईत काय कधी टाकते ते उभ्याने बघू लागल्या. ऐकायला हे सगळं गोड वाटतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, ते काकांनी पाहिलं आणि मला तिथेच थांबवलं.

“गोड नको मानूस गं. मी मूर्खपणा केला. मी आईसाठी जातोय असं म्हणायचो ना? आईला तर शेवटी मी कोण तेही कळत नव्हतं. मी श्रीकांत रागावू नये म्हणून जात होतो. आणि तो रागावलेलाच राहिला.” मग काकूंकडे बघून म्हणाले, “हिच्या तोंडाने जेवलो. तेवढंच मिळालं. पण ते माझं जेवण नव्हतं.” काकू टेबल पुसत राहिल्या.

त्या हिवाळ्यात गाठ परत आली आणि फेब्रुवारीत काका गेले.

श्रीकांत आला. मोठ्या भावाचं करायला आला, ते त्याने नीट केलं, दुःखही त्याला खरं झालेलं दिसत होतं. पण येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, “दादाने आयुष्य उपभोगलं. सगळं जग पाहिलं.” मी दर वेळी हे ऐकून खोलीबाहेर जायचे. तेराव्याला फ्रँकफर्टच्या गुरुजींनी व्हिडिओवरून सांगितलं, की गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढून बाहेर ठेवा. काकूंनी पाहुण्यांसाठी खीर, वडे, वरण-भात सगळं पहाटेपासून केलं होतं. मग त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं, मला स्टुलावर चढवून छतावरचा धुराचा अलार्म काढायला लावला आणि सगळ्यात मोठ्या आचेवर लोखंडी कढई ठेवली. तिच्यातून धूर निघेपर्यंत हात लावला नाही. फ्रीजमधून आशियालाडेनमधून, म्हणजे आशियाई दुकानातून आणलेली कोलंबी काढली.

वासाने श्रीकांत आत आला. “वहिनी, हे काय? तेराव्याला? या घरात?”

“त्यांच्या आवडीचं करायला सांगितलंय ना, भाऊजी.”

“दादाला अळूवडी आवडायची. लहानपणापासून.”

“ती तुम्हाला आवडायची,” काकू म्हणाल्या, आणि शेवया प्लेटमध्ये काढल्या. एकच प्लेट. मग कडेच्या थोड्या बोटांनी उचलून तोंडाशी नेल्या.

श्रीकांतने हात पुढे केला. “वहिनी, निदान एवढं तरी पाळा. पान ठेवायच्या आधी चाखायचं नसतं. उष्टं होतं.”

“मी चाखल्याशिवाय त्यांना कशी कळणार चव?” काकू म्हणाल्या.

त्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि बाल्कनीच्या दाराकडे तोंड करून सावकाश सांगायला लागल्या. “धुरकट झालंय. खारट, मग गोडसर. कोलंबी जरा जास्त शिजली.”