पंखा अर्धा फिरून थांबायचा

नायगावच्या चाळीतून आम्ही नव्या टॉवरमध्ये राहायला आलो आणि थोड्याच महिन्यांत मी नोकरी सोडली. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढायची. आता तेच काम घरून करणार होते, त्यासाठी नवा कॉम्प्युटर हवा होता. सुटे भाग आणून तो स्वतः जोडायचा, हा हट्ट माझा. नवरा म्हणाला, "जोड. पण स्क्रू उरले तर मला विचारू नकोस." आणि रविवार असूनही ड्युटीवर गेला.

घरात मी आणि सासूबाई. चाळीत आमचं चांगलं जमायचं, कारण तिथे आम्ही दोघीच अशा कधी नसायचोच. इथे दार लावलं की समोरासमोर दोघी, आणि बोलायचं काय ते सुचायचं नाही. त्या खिडकीशी बसायच्या, मी मोबाईलमध्ये.

त्या दिवशी मी हॉलमध्ये चादर पसरून बसले. मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, कॅबिनेटमध्ये घट्ट बसवला. वायरी लावल्या, पडदा जोडला, बटण दाबलं. बोर्डावरचा पंखा अर्धा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काय झाला गो?" सासूबाईंनी खिडकीशी बसूनच विचारलं.

"चालू होत नाहीये, आई."

"फिरलो मा पंखो?"

"फिरला. थांबला."

त्या उठून आल्या आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. हवा यावी म्हणून बाहेरचं दार त्यांनी आधीच सताड उघडं टाकलं होतं. मी सॉकेटवर मिक्सर लावून पाहिला, तो गरजला. प्रत्येक वायर काढून परत लावली. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबून बसवल्या. पंखा आपला अर्धा फिरून गप्प.

मिक्सरच्या आवाजाने समोरचे काका दारात आले. जुन्या चाळीत ते आमच्याच मजल्यावर होते, इथे आल्यापासून लिफ्टमध्ये हसण्यापुरतेच भेटायचे. "पॉवर सप्लाय गेलाय," त्यांनी उभ्याउभ्या सांगून टाकलं. "दुकानात परत दे." त्यांच्या मागून काकू आल्या. त्यांचं मत पडलं की नवी वस्तू पूजा केल्याशिवाय लावायचीच नव्हती. सासूबाईंनी चहाचं आधण टाकलं.

सगळ्या भागांना वीज पुरवणारा तो डबाच बिघडला असेल, हे काकांचं मलाही पटायला लागलं होतं. पण परत देण्याआधी एकदा सगळं बाहेर काढून बघावं म्हणून मी बोर्ड सोडवला आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता त्याच्यावरच ठेवला. बटण कॅबिनेटलाच राहिलं, तेव्हा चालू करायला बोर्डाच्या कडेच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं होतं.

"शॉक बसतलो गो!" सासूबाईंनी माझा दंडच धरला.

"नाही बसत, आई. सोडा तरी."

त्यांनी काही सोडला नाही. मी तसंच टेकवलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. काकांनी टाळी वाजवली.

म्हणजे पॉवर सप्लाय ठीक होता. मी आनंदात सगळं पुन्हा कॅबिनेटमध्ये घातलं, बटण दाबलं. अर्धा पंखा.

आता मात्र मला हसू यायला लागलं. बाहेर चालतो, आत चालत नाही, तर दोष बोर्डाचा नाही, त्याच्या घराचा, म्हणजे कॅबिनेटचा आहे. पुन्हा सगळं सोडवलं. सासूबाईंनी टॉर्च धरला आणि मी रिकाम्या कॅबिनेटच्या तळाशी बघितलं. बोर्ड तळाला टेकू नये म्हणून तिथे पितळी खुंट्या असतात, एकेका खुंटीवर बोर्डाचं एकेक भोक बसतं. माझा बोर्ड छोटा होता, खुंट्या मात्र मोठ्या बोर्डाच्या हिशेबाने आधीच लावलेल्या. एका खुंटीवर भोकच येत नव्हतं. ती सरळ बोर्डाच्या पाठीला भिडत होती आणि तिथे शॉर्ट सर्किट होत होतं.

खुंटी पकडीने फिरवून काढली. बोर्ड परत बसवला. बटण दाबायला मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसला, बटण दाबलं आणि पटकन मागे सरकल्या. पंखा सुरू झाला तो थांबलाच नाही.

काका-काकू जेवायलाच थांबले. बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, होतंच, भात वाढवला. नवरा आला तेव्हा सताड उघडं दार आणि परक्या चपला बघून, काही झालं की काय म्हणून आधी घाबरला.

आठवड्याभरात कामाचं सॉफ्टवेअर लावून झालं. सासूबाई स्टूल घेऊन शेजारी बसल्या. "तू ह्याच्यार घरा काढतंस मा? मग आमची जुनी खोली काढ."

मी चार भिंती ओढल्या, दार केलं, कोपऱ्यात मोरी काढली.

"मोरी हयसर नाय गो, थयसर!" त्यांनी समोरचा कोपरा दाखवला.

"आई, मी तिथे वीस वर्षं भांडी घासलीयेत."

"आणि माझा काय?" त्या पडद्याला बोट लावून म्हणाल्या. मग त्यांनी समोरच्या काकूंना हाक मारली, साक्षीला.