रायटरने दिलेला पेपर

ते प्रकरण आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही. चहा तसाच ठेवून मी अंगणात फेऱ्या मारू लागतो. बायको म्हणते, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता तरी सोडा. सुटत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. तेव्हा नियम असा होता की विद्यार्थी विज्ञानाचा असो की वाणिज्याचा, देशाचा इतिहास आणि राज्यकारभार या सक्तीच्या पेपरात पास झाल्याशिवाय पदवी मिळायची नाही. प्रयोगशाळेत चमकणारी पोरं या पेपराला हमखास आपटायची.

उन्हाळा सरता सरता ठाण्यात एक निनावी पोस्टकार्ड आलं. आलेला प्रत्येक कागद आधी आमच्या रायटरच्या हाती जायचा. रायटर म्हणजे ठाण्याचं सगळं लिखाण सांभाळणारा हवालदार. आमचा रायटर मॅट्रिकपर्यंतच शिकलेला, पण त्याने लिहिलेला पंचनामा कोर्टात कधी अडकला नाही. त्याने कार्ड आवक रजिस्टरला चढवलं, नंबर टाकला आणि माझ्यापुढे ठेवलं. मजकूर सरळ होता. रामटेकचा एक तरुण सक्तीच्या पेपरात दोनदा नापास झाला होता, यंदा पास झाला. पण पेपराच्या दिवशी तो गावातच एका लग्नाच्या पंगतीत वाढत होता. पदवी हाती आली की तिथल्या शाळेत त्याला मास्तरकी मिळणार होती.

मी तरुणाला बोलावून घेतलं. रायटर नेहमीसारखा शेजारच्या टेबलावर जबाब लिहायला बसला.

"पेपर तूच दिलास?"

"हो साहेब, मीच बसलो होतो."

"राज्यपालाला कोण नेमतं?"

"मुख्यमंत्री?"

"मग एवढे गुण कुठून आले रे?"

"तवा आठवत होतं, साहेब. आता भेव लागून राहिलं मले."

दरडावलं, समजावलं, दोन तास बसवून ठेवलं. कुणाचंही नाव त्याने घेतलं नाही. प्रत्येक प्रश्नाला तो रायटरकडे बघायचा. मला वाटलं, कागदावर उतरणाऱ्या जबाबाला घाबरतोय. पंधरा वर्षांची नोकरी झालेला मी पोलीस, पण नाकासमोरचं मला दिसलं नाही.

तेव्हा प्रवेशपत्रावर फोटो नसायचा. नोकरी सांभाळून परीक्षेला बसणारे वयस्क लोकही पुष्कळ असायचे, त्यामुळे आमच्या हद्दीतल्या परीक्षा केंद्रावर कुणाला काही आठवत नव्हतं. शेवटी मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊन त्याची उत्तरपत्रिका मागून घेतली.

पहिल्याच पानावर थबकलो. प्रत्येक आकडा अंकात आणि पुढे कंसात अक्षरी: कलम २२ (बावीस). प्रत्येक उत्तराखाली उरलेली जागा तिरपी रेघ मारून बंद केलेली, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून. विद्यार्थी असं लिहीत नाहीत, असं ठाण्यातला माणूस लिहितो. आणि ते अक्षर तर मी रोज सकाळी स्टेशन डायरीत वाचत होतो.

अटक झालेल्या माणसाच्या हक्कांवर एक प्रश्न होता. त्याखाली लिहिलं होतं, 'अटकेचे कारण सदर इसमास शक्य तितक्या लवकर सांगणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा सही आधी घेतली जाते व कारण सांगितले जात नाही.' माझा चेहरा तापला. हे आमच्याच ठाण्याबद्दल होतं, माझ्याबद्दल होतं.

सरळ ठाण्यावर जायचा धीर होईना. सदर भागातल्या बाजारातून जीपला उगाचच दोन चकरा मारायला लावल्या. "काही हरवलं काय साहेब?" ड्रायव्हरने विचारलं. मी त्याच्यावर खेकसलो.

हजेरीपटात पेपराच्या दिवशी रायटरची किरकोळ रजा होती. खोलीतल्या इतरांना बाहेर काढून मी उत्तरपत्रिका त्याच्यापुढे टाकली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

"साळा आहे माहा, साहेब. बायकोचा लहान भाऊ. बाप नाही त्याले, सारं घर त्याच्याकडे डोळे लावून बसलं आहे. गणितात लय हुशार, पण या पेपराले त्याचा हातच चालत नाही. मी म्हटलं, मले तर हे पाठ आहे."

"आणि ते कार्ड? तुमच्याच हातात आलं होतं ना? फाडून टाकायचं होतं!" मी ओरडलोच.

"आलेला कागद होता, साहेब. नोंद न करता कसा ठेवू?"

त्याच्या पेन्शनला सहा वर्षं उरली होती. मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो. चौकशीत काही निष्पन्न झालं नाही, एवढी एक ओळ लिहिली असती तर दोन घरं वाचली असती. ती ओळ माझ्या जिभेवर आली होती, हे कबूल करतो. पण कार्डावर नंबर पडलेला होता, आणि मला माझी खुर्चीही प्यारी होती.

अटकेचा कागद त्यानेच कपाटातून काढला. सहीसाठी पेन उघडलं आणि थांबला.

"साहेब, कारण सांगा न."

त्यात टोमणा नव्हता. हात जोडावेत तसं तो बोलला. मी सांगितलं, "दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसून फसवणूक केल्याबद्दल तुम्हाला अटक करतो आहे." आरोपीच्या डोळ्यांत बघून अटकेचं कारण मी नोकरीत पहिल्यांदाच सांगत होतो. त्याने मान हलवली आणि सही केली. दुसरा रायटर ड्युटीवर नव्हता, त्यामुळे स्वतःच्या अटकेची नोंदही डायरीत त्यानेच केली.

गुन्हा जामीनपात्र होता, तो संध्याकाळी घरी गेला. कोर्टात त्याने सगळं कबूल केलं. नोकरी गेली, पेन्शन गेली. साळ्याचा निकाल रद्द झाला आणि मास्तरकी दुसऱ्याला मिळाली.

तो सक्तीचा पेपर मीही दिला होता, चांगल्या गुणांनी पास झालो होतो, आणि पदवी हातात पडताच सगळं विसरलो होतो. त्या दिवसानंतर मात्र माझ्या ठाण्यात कारण सांगितल्याशिवाय एकाही माणसाची सही घेतली गेली नाही. शिपाई कुरकुरायचे, साहेब मास्तर झाले म्हणायचे. पुढे वरिष्ठांनी याबद्दल माझी पाठ थोपटली, प्रशस्तिपत्रही दिलं. ते घेताना लाज वाटली. ज्याने मला हे शिकवलं, त्याला मीच देशोधडीला लावलं होतं.