ममताताईंच्या हातचं

ममता गेल्यावर भेटायला येणारा जो तो आधी तिच्या फोटोकडे बघायचा आणि मग भिंतीजवळच्या काचेच्या कपाटाकडे. कपाटात सुपारीचे नवरानवरी होते, अंतरपाट धरून उभे असलेले सुपारीचेच भटजी होते, डाळींनी मढवलेलं तुळशीवृंदावन होतं. लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात, त्यातले हे नमुने. "काय हात होता हो बाईंचा!" प्रत्येकजण म्हणायचा. समोरच्या फ्लॅटमधल्या चंपाबेन तर काचेला हात लावून रडल्या. "बेन के हाथ में जादू था, भाई. अब ऐसा कौन बनाएगा?"

तिचा नवरा गुणवंत सतरंजीवर मांडी घालून बसलेला असायचा. मान हलवायचा, चहा घ्या म्हणायचा.

त्या कपाटातली एकही वस्तू ममतानं केलेली नव्हती. सगळं त्यानं केलेलं होतं. ममताला शर्टाचं बटण धड लावता येत नसे.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर माणूस लबाड वाटेल. लबाड नव्हता, घाबरट होता. गुणवंतचं लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. आई चिकुनगुनियानं आडवी. रुखवताला कुणी नाही, म्हणून त्यानंच ते केलं. लहानपणी आईच्या शेजारी बसून शिकलेला, बोटं बारीक, नजर तयार. मांडवात बायका रुखवताभोवती गोळा झाल्या आणि विचारू लागल्या, कुणी केलं हो हे? आता मुलानं केलं म्हणून कसं सांगायचं? लग्नापुरती उठून आलेल्या आईनं पटकन सांगून टाकलं, "आमच्या सुनेनं." नवी सून शेजारीच उभी. ती लाजली, म्हणजे खरं तर घाबरली, आणि बायकांना वाटलं केवढी विनयशील पोर! जाताना दोघी-तिघी तिचा नंबर घेऊन गेल्या.

तिथून जे सुरू झालं ते चालूच राहिलं. लग्नसराईत रुखवत, संक्रांतीला हलव्याचे दागिने. नव्या सुनेची पहिली संक्रांत असली की काळी साडी आणि अंगभर हे पांढरे काटेरी दागिने. बाळाचं बोरन्हाण असलं की मुकुट, बासरी. जावयाला हार आणि गंमत म्हणून हलव्याचं घड्याळ. हलव्याचे दाणे हल्ली सगळे डिंकानं चिकटवतात. गुणवंत एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत बांधायचा. म्हणून त्याचा दागिना अंगावर मऊ पडायचा, पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहायचा नाही.

आणि दिवसभर हा माणूस काशिमिऱ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात बसून कुठल्या ट्रकमध्ये कुठला माल चढला त्याच्या पावत्या कॉम्प्युटरमध्ये भरायचा. नोकरीच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं, बाहेरचा कुठलाही धंदा चालणार नाही. हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे शेजारच्या टेबलावरचा जितेंद्र. एकदा गुणवंतच्या बाहीला सोनेरी टिकली चिकटून आली, तर हा महिनाभर सगळ्यांना सांगत होता, "गुणवंतभाऊंचं बाहेर काहीतरी चाललंय." चाललं होतंच. पण रुखवत करतो हे कळण्यापेक्षा लोकांना ते दुसरं वाटलेलं त्याला परवडत होतं.

त्यामुळे फोन ममता घ्यायची, गिऱ्हाईक ममता बघायची. बोलण्यात बाई पक्की. मुलीच्या आईशी पाच मिनिटं बोलली की सासरची माणसं हौशी की कंजूस, मुलगी नाजूक की आडवी, सगळं काढून घ्यायची. मग ऑफिसात त्याला मेसेज. खण काळा की लाल? बाजूबंदाला घुंगरू लावायचे का? तो टॉयलेटमध्ये जाऊन उत्तरं लिहायचा. जानेवारीत इतक्या वेळा उठायचा की जितेंद्रनं एकदा त्याच्या टेबलावर इसबगोलाचं पाकीटच आणून ठेवलं.

"घ्या भाऊ. आमच्या सासऱ्यांना फरक पडला."

घरी आल्यावर ममता आरशासमोर उभी राहायची. प्रत्येक दागिना आधी तिच्या अंगावर चढायचा, हा नियम. मुकुट, नथ, कंबरपट्टा, सगळं घालून ती हात हलवून बघायची.

"अहो, ही पाटली ढिली झालीये. पोळ्या लाटताना पडेल."

"हलव्याची पाटली घालून पोळ्या कोण लाटतं?"

"सासू घरात असली की लाटतात."

मूल झालं नाही त्यांना. बोरन्हाणाचा मुकुट मात्र तिच्या डोक्यावर बसायचा नाही, तो ती मुठीवर ठेवून बघायची.

एकदाच तिचा तोल गेला. शांती नगरच्या एका हॉलमध्ये महिला मंडळानं तिचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. घरी येऊन तिनं शाल सोफ्यावर टाकली. "मला लाज वाटते हो. बायका विचारतात ही गाठ कशी मारता, आणि मी सांगते घराण्याचं गुपित आहे. कुठलं घराणं? तुम्ही सांगत का नाही एकदाचं?"

"रिटायर झालो की सांगू. पाटीवर दोघांची नावं लावू."

"मला पाटी नको. मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय."

त्यानं हसण्यावारी नेलं. त्याला ते सोयीचंच होतं, उगाच कशाला झाकायचं. काम आवडायचं आणि कामाची लाज वाटायची, आणि लाजेचं ओझं बायकोनं उचललं होतं. असे नवरे कमी नाहीत.

त्या वर्षी पाऊस सरता सरता ममताला ताप आला. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स उतरल्या, त्या वर आल्याच नाहीत. आठवड्याच्या आत सगळं संपलं. बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, ओटी भरली. "अहेवपणी गेली, भाग्याची," म्हणाल्या. पन्नाशीत तापानं मेलेल्या बाईचं भाग्य कसलं, हे कुणी विचारलं नाही.

तेरावं झालं आणि गुणवंत ऑफिसला जाऊ लागला. ममताचा फोन तो खिशात ठेवायचा, आवाज बंद करून. बातमी न कळलेल्या बायकांचे मेसेज येत राहिले. तो त्यांना कळवायचा. उत्तर ठरलेलं: अरेरे, किती सुंदर काम होतं ताईंचं. संध्याकाळी घरी आल्यावर तो सुईदोरा काढायचा आणि परत ठेवून द्यायचा. कुणाच्या नावानं काम करायचं? कपाटातलं सगळं तिच्याबरोबर गेल्यासारखं झालं होतं आणि तो स्वतः बिनकामाचा उरला होता. हे मात्र त्याला कुणापाशी बोलता येईना. बायको गेल्याचं दुःख सांगता येतं. बायकोबरोबर आपलं कामही गेलं, हे कसं सांगणार?

डिसेंबरातल्या एका रविवारी उर्मिला आली. बेव्हर्ली पार्कात राहणारी, ममताची गिऱ्हाईक आणि पुढे मैत्रीण. तिच्या रुचिताचं रुखवत मे महिन्यात इथूनच गेलं होतं. ती फोटोला नमस्कार करून बसली, पाणी प्यायली, पदराशी चाळा करत राहिली.

"भावजी, विचारू नये असं विचारते. रुचूची पहिली संक्रांत आहे. ताईंनी मला लग्नातच शब्द दिला होता, दागिने मीच करणार म्हणून. काही करून ठेवलं होतं का हो त्यांनी?"

गुणवंतनं तिचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"विहीणबाई म्हणतात त्या घरातून यंदा काही नको. वर्ष व्हायचंय अजून. मी म्हटलं, ताई अहेव गेल्या. त्यांच्या हातचं अंगावर पडणं म्हणजे आशीर्वादच. ते त्यांना पटलं. पण ताईंच्या हातचं असलं तरच."

आता इथं त्यानं सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण सांगितलं असतं तर ती उठून गेली असती, आणि त्याच्या हातांना किती दिवसांत काम नव्हतं.

"करून ठेवलेत," तो म्हणाला. "थोडं शिवायचं राहिलंय. पंधरा दिवसांनी न्या."

उर्मिलानं डोळ्यांना पदर लावला. तो लगेच दुसऱ्या दिवशी हलवा घेऊन आला.

ऑफिसला निघण्याआधी सकाळी तासभर, आणि रविवारी दिवसभर, असं काम चाललं. भाईंदरच्या खाडीची हवा दमट, हलवा मऊ पडतो. केलेला दागिना तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा. बोटं विसरली नव्हती. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. हार पुरा झाला आणि तो हातात धरून तो आरशाकडे वळला, नेहमीसारखा. तिथं कुणी नव्हतं. त्यानं हार खुर्चीच्या पाठीवर टाकून बघितला. खुर्चीला गळा नसतो. मापाची पट्टी त्यानं आयुष्यात वापरली नव्हती. गळा म्हणजे ममताचा गळा, मनगट म्हणजे ममताचं मनगट. रुचिता तिच्यापेक्षा बारीक की जाड, हे सांगणारीही तीच होती. शेवटी त्यानं सगळं ममताच्याच मापाचं केलं. पाटली बांधताना त्याची मूठ आपोआप तिच्या मनगटाएवढी वळली, तेव्हा मात्र तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी ऑफिसला पोचायला उशीर झाला आणि साहेबानं ऐकवलं.

उर्मिला ठरल्या दिवशी आली. गुणवंतनं सतरंजीवर काळा खण पसरून एकेक दागिना मांडला. ती बघतच राहिली. मग तिनं हार उचलून गालाला लावला.

"बघा. हात ओळखू येतो की नाही? दुसऱ्या कुणाला जमणार नाही हे. शेवटचं काम हो ताईंचं!"

त्या 'शेवटचं' शब्दानं काय झालं कुणास ठाऊक. इतकी वर्षं न बोललेला माणूस बोलला.

"उर्मिलाताई, हे मी केलंय."

"म्हणजे शिवणाचं राहिलेलं ना? हो, म्हणाला होतात."

"शिवणाचं नाही. सगळं मीच केलं, या पंधरा दिवसांत. रुचिताचं रुखवतही मीच केलं होतं. ममतानं कधीच काही केलं नाही. ती फक्त घालून बघायची."

उर्मिलानं हार खाली ठेवला. "भावजी, तुम्ही जेवता का नीट? झोप लागते?"

"मी खरं सांगतोय. थांबा, दाखवतो." त्यानं डबीतला दाणा घेतला, दोरा घेतला, गाठ टाकायला लागला.

उर्मिलानं झटकन त्याचे दोन्ही हात धरले. दाणा सतरंजीवर पडला.

"नको. दाखवू नका मला." तिचा आवाज एकदम खाली आला. "भावजी, मुलीची पहिली संक्रांत आहे माझ्या. हे तुम्ही केलेलं असेल, आत्ता, या घरात, ताई गेल्यावर, तर मी तिच्या अंगावर कसं घालू? विहीणबाईंना काय सांगू? आणि पुढे चुकून काही झालं पोरीच्या संसारात, तर जन्मभर मलाच खाईल ते." तिचे डोळे भरले होते. हात तिनं सोडले नव्हते. "ताईंनीच केलेत ना? तुम्ही एकदा म्हणा. मग मी काही विचारणार नाही."

तिला पटलं होतं. तो गाठ टाकताना तिनं बघितलं होतं, आणि पटलं होतं म्हणूनच तर ती हात धरून बसली होती. दुष्ट नव्हती बिचारी. आई होती, आणि भित्री होती, त्याच्यासारखीच. त्यानं अजून एकदा "मीच" म्हटलं असतं तर ती रिकाम्या हातानं गेली असती आणि दागिने तांदळाच्या डब्यात राहिले असते. आणि हा माणूस वर्षानुवर्षं एवढ्यासाठीच काम करत आला होता, की ते कुणाच्या तरी अंगावर चढावं.

"हो," गुणवंत म्हणाला. "तिनंच केलेत. माझंच डोकं ठिकाणावर नाही हल्ली."

"होतं असं," उर्मिला म्हणाली. तिनं हात सोडले, डोळे पुसले आणि दागिने खणात गुंडाळू लागली. फार जपून गुंडाळत होती. त्याच्याकडे बघत नव्हती.

संक्रांतीला ममताच्या फोनवर रुचिताचा फोटो आला. काळी साडी, अंगभर हलवा. हार तिला जरा खाली येत होता, पाटल्या ढिल्या होत्या. खाली उर्मिलानं लिहिलं होतं, ताई, तुमचा आशीर्वाद पोचला. मेलेल्या बाईला लिहिलेला मेसेज. गुणवंतनं फोटो मोठा करून गाठी बघितल्या. एकही सुटली नव्हती.

मग एका दुपारी ऑफिसात तो फोन वाजला. आवाज बंद करायचा राहिला होता. पूर्वी तो उठून गेला असता. आता टेबलावरच घेतला.

"ममताताईंचा नंबर ना? शांती नगरहून बोलतेय. उर्मिलाताईंच्या मुलीचे दागिने बघितले हो! आमच्याकडे मे महिन्यात लग्न आहे. रुखवत करून हवं होतं."

"ताई गेल्या," तो म्हणाला.

"अगं बाई! मला नव्हतं माहीत. मग आता त्यांचं काम कोण करतं?"

जितेंद्रनं कॉम्प्युटरवरून मान वर केली. पलीकडे ती बाई हॅलो, हॅलो करत होती.

"कुणी नाही," गुणवंत म्हणाला. "बंद केलंय."

फोन ठेवल्यावर जितेंद्र खुर्ची सरकवून जवळ आला. भेटायला घरी आला तेव्हा त्यानंही ते कपाट बघितलं होतं, आणि वहिनी गेल्यापासून चेष्टा सोडून दिली होती. "वाईट वाटतं हो, भाऊ. एवढी कला. वहिनींनी कुणाला शिकवलं नाही का?"

"नाही," गुणवंत म्हणाला, आणि वापीहून आलेल्या गाडीची पावती त्यानं समोर ओढली.