आईने मला वेगळा काढला

बदलापूरला हेंद्रेपाड्याच्या अंगाला आमचं जुनं घर कुडाचं होतं. अंबरनाथच्या कारखान्यात मी कायम झालो आणि ठरवलं, आता विटांचं घर बांधायचं, वर मंगलोरी कौलं. कारखान्यातले एक साहेब म्हणाले, "नकाशा काढून देतो." मी म्हटलं, "साहेब, राहणार मी, तर नकाशाही मीच काढणार." दुसरीच्या पुढे शाळा बघितली नसली तरी सरळ रेघ मला येते. खळ्याशेजारी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि चुन्याच्या फक्कीने अख्खं घर जमिनीवर आखून टाकलं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागच्या अंगाला आईची खोली. एवढी मोठी खोली तेव्हा आमच्या पाड्यात कुठल्याच म्हातारीला नव्हती, हे मी आजही छाती काढून सांगतो.

आई बघायला आली. फक्की पुसली जाऊ नये म्हणून लुगडं सावरत घरभर फिरली आणि आपल्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"चूल कुठंय?"

"ती काय, माजघराच्या पलीकडं."

"ती सुनेची. माझी कुठंय? आन् माझं दार?"

आमच्यात वेगळी चूल म्हणजे घर फुटलं, दुसरा अर्थच नाही. भाऊ भाऊ भांडले की चुली वेगळ्या होतात. मी एकुलता एक, मी कुणापासून वेगळा होणार?

"आये, लोक म्हणतील, विटांचं घर झालं तशी यानं आईला वेगळी टाकली. तोंड कुठं दाखवू मी?"

"मंग सांग, आईनंच मला वेगळा काढला."

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी तिच्यावर घसरलो, "तुमचं दोघींचं भांडण झालंय काय?"

"नाय ओ. आत्याबाईंना पायजे चूल, तर द्या की."

"भांडण कसलं रे?" आई म्हणाली. "आधी सासूला विचारून शिजवलं, मंग तुझ्या बापाला विचारून, आता तुला. जरा माझं मलाच विचारून शिजवू दे."

मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग मी कुडाच्या घरातच बरी, तू जा तुझ्या कौलात. आता आली का पंचाईत! वेगळी चूल दिली तरी नाव जाणार आणि म्हातारी मागे राहिली तर त्याहून जास्त जाणार. तरी मी हटलो नाही. तीही नाही. माझा हट्ट काही बापाकडून आलेला नाही.

एक दिवस पहिली पाळी करून घरी येतो तर आईच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या फक्कीच्या रेघेवर एक दार उभं! भिंत नाही, छप्पर नाही, नुसती हिरवी चौकट, वर आंब्याचा टहाळा, हळदीकुंकू आणि पुढ्यात फोडलेला नारळ. आई मामाची बैलगाडी घेऊन उल्हासनगरच्या कॅम्पात गेली होती. तिथल्या एका सिंधी दुकानदाराकडून मिलिटरीच्या बराकीचं जुनं दार चौकटीसकट घेऊन आली आणि गवंड्याकडून टेकू लावून उभं करून घेतलं.

"काढ ते," मी गवंड्याला म्हटलं.

त्याने कानाला हात लावला. "दादा, पूजलेली चौकट मी नाय उपटणार. तुम्ही उपटा."

मी कसली उपटतोय! पूजलेली चौकट आजवर कुणी उपटली आहे?

दाराच्या पलीकडे तीन दगडांवर चूल पेटली होती आणि पुढे सगळी भावकी पत्रावळीवर बसली होती. चुलत्यांनी तिथूनच हाक मारली, "काय रे, आईनं वेगळा काढला म्हणं तुला? केलंस तरी काय?"

"तिला दार नव्हता देत," बाकीचे म्हणाले आणि जेवता जेवता हसले. आईला टाकली असं एकही माणूस बोलला नाही. बोलत होते ते मलाच.

मी खळ्यावर जाऊन बसलो. बोंबलाच्या कालवणाचा वास तिथपर्यंत आला. बायकोला म्हटलं, "वाढ."

"मी नाय शिजवलं आज. मलापण आमंत्रण हाय," असं म्हणून ती त्या दारातून आत गेली आणि जाताना मागे कडी लावली.

भावकी पांगली तरी मी बसूनच होतो. शेवटी पोटाने ऐकलं नाही. उठलो आणि दाराच्या बाजूने, जिथे भिंत व्हायची होती तिथून, आत शिरायला लागलो.

"ए! भिंतीतून येतोस?" आई ओरडली. "दार कशाला हाय?"

मागे फिरलो. दारासमोर उभा राहिलो, कडी वाजवली. ती मला दिसत होती, मी तिला दिसत होतो.

"कोण हाय?"

"मी."

"मी कोण?"

"तुझा मुलगा."

"काय काम काढलंस?"

"भूक लागलीय, आये."

ती सावकाश उठली, कडी काढली आणि म्हणाली, "ये. चपला बाहेर."

कालवण चांगलं झालं होतं. दुसऱ्या दिवशी गवंड्याला सांगितलं, आईच्या खोलीच्या भिंती पहिल्या घे, धुराला वर जागा ठेव. पण माझं म्हणणं अजून तेच आहे: दार पश्चिमेला नको होतं, पावसात सगळी झड आत येते.